बिडाचा जुना दिव्याचा खांब: भंगारातून अंगणापर्यंत

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दिव्याचा खांब वाऱ्याने क्वचित पडतो. त्याला संपवतं ते पाणी. बुडाशी साचलेलं, सांध्यातून आत उतरलेलं, रंगाच्या पापुद्र्याखाली मुरलेलं. म्हणून रस्त्यावरचा जुना खांब आणून घरी उभा करायचा असेल, तर प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत चला: इथे पाणी आलं तर बाहेर कुठून जाईल? कोकणातला पाऊस असो की देशावरचा वळीव, याचं उत्तर तयार असेल तर खांब तुमच्या नातवंडांच्या काळातही उभा राहील. रंग, पितळी बटणं, पिवळा प्रकाश ही सगळी हौस त्यानंतरची.

खांब निवडताना

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६०च्या दशकात. १८८२मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, पण ती कंपनी वर्षभरात बुडाली आणि मार्केट परत गॅसवर गेलं. १९०५मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि पुढे हळूहळू रस्ते विजेकडे वळले. हे सांगायचं कारण असं, की आज हाती लागणारा जुना खांब मुळात गॅसचा असून नंतर विजेवर घेतलेला असू शकतो. कंदिलाच्या खाली दोन्ही बाजूंना आडवे दांडे दिसले तर ते शोभेचे नाहीत. दिवे लावणारा माणूस त्यांना शिडी टेकवायचा. कुणी ‘अडचण होते’ म्हणून ते कापायला सांगितलं तर ऐकू नका.

मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, जुने वाडे पाडणारे ठेकेदार, नगरपालिकांचे भंगाराचे लिलाव, अशा ठिकाणी खांब मिळतात. घेताना पावती मागा. रस्त्यावरचा खांब ही सार्वजनिक मालमत्ता असते, त्यामुळे तो रीतसर विकला गेला होता हे सांगणारा कागद हवाच. विकणारा कागदाची टाळाटाळ करत असेल तर खांब कितीही देखणा असो, सोडून द्या.

खांब कशाचा आहे हे जागेवरच पाहता येतं. लोहचुंबक सोबत ठेवा. तो चिकटला नाही तर खांब ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा, म्हणजे नवी नक्कल. चिकटला तर बीड किंवा पोलाद. बुडाच्या आतल्या बाजूला ग्राइंडर किंचित टेकवला की बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर पडतात, पोलादाच्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या. बोल्टही बरंच बोलतात. ब्रिटिश काळातल्या खांबांना व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या, आट्यांचे बोल्ट असतात. अर्ध्या इंची व्हिटवर्थला इंचाला १२ आटे, त्यामुळे आजचा १२ एमएमचा बोल्ट त्यात नीट बसत नाही. सगळे बोल्ट चकचकीत मेट्रिक असतील तर खांब नवा आहे किंवा त्याची बरीच चिरफाड झालेली आहे.

आता कान लावा. लाकडी हातोडीने खांबाला खालून वरपर्यंत हलकेच टोले द्या. धड बीड खणखणीत वाजतं, तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. बुडाचा जो भाग जमिनीत गाडलेला होता, तो तर चाकूने खरवडूनच पाहा. जमिनीत राहिलेल्या बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि मागे काळं, मऊ ग्राफाइट उरतं. वरून आकार जसाच्या तसा दिसतो, पण चाकू पेन्सिलीच्या शिशात रुतावा तसा रुततो. हे दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेलं असेल तर तो भाग भार घेणार नाही असं समजा.

उंचीचा मोह आवरा. रस्त्यावरचे खांब बऱ्याचदा बारा-चौदा फुटी असतात. बंगल्याच्या अंगणात आठ ते दहा फूट शोभतं, आणि कंदील पुसायला घरची शिडी पुरते.

पाया आधी घाला

लोक आधी खांब रंगवतात आणि मग खड्डा खणतात. उलट करा. काँक्रीट पक्कं व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात खांबाचं काम होतं.

जागा ठरवताना वर पाहा. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा बाद. खांब उभा करताना तो तिरपा फिरतो, तेव्हाची त्याची पूर्ण लांबी लक्षात घ्या. सोसायटीच्या सामाईक जागेत लावायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. कुंपणाबाहेर, फुटपाथवर अजिबात नको. प्रकाश शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीत जाणार नाही ना, हे रात्री काठीला टॉर्च बांधून पाहता येतं.

दहा फुटी खांबाला दोन फूट बाय दोन फूट आणि तीन फूट खोल पाया पुरतो. याचं वजन साधारण पावणेआठशे किलो भरतं, आणि वादळात खांबाला उलटू न देणारं हेच वजन असतं. काळ्या मातीत मात्र तीन फुटांवर समाधान मानू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया हलवते. मुरूम लागेपर्यंत खाली जा, कडेने मुरूमच भरा. कोकणात जांभा लागला तर खणायला घाम निघेल, पण पाया निश्चिंत होतो.

काँक्रीटचं प्रमाण १:१.५:३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. सिमेंटच्या अडीच ते तीन गोण्या लागतील. पाणी बेतानं घाला. पातळ काँक्रीट ओतायला सोपं, पण कमजोर होतं.

बोल्टांचं काम सगळ्यांत नाजूक आहे. १६ एमएमचे, दीड फूट लांबीचे, खालून वाकवलेले चार फाउंडेशन बोल्ट घ्या, शक्यतो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले. खांबाचं बूड प्लायवूडच्या तुकड्यावर ठेवून भोकं खडूने उतरवून घ्या, तशीच भोकं पाडा आणि चारही बोल्ट त्या फळीत नटांनी आवळून काँक्रीटमध्ये सोडा. जुन्या ओतीव बुडाची भोकं कधीच अगदी सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे टेपने मोजून बोल्ट लावायला जाऊ नका. फळीवर आणि बुडावर एकाच बाजूला खूण करा, नाहीतर ऐनवेळी फळी फिरलेली निघते. बोल्ट वर तीन इंच तरी राहू द्या आणि आट्यांना चिकटपट्टी गुंडाळा.

मधोमध ४० एमएमचा पाइप मोठ्या बाकाने वर काढा, केबलसाठी. ९० अंशांचा कोपरा लावलात तर आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली, केबल त्यातून वळणार नाही. पायाचा माथा जमिनीपासून तीन इंच वर घ्या आणि चारी बाजूंना उतार द्या. मग ओली पोती टाकून निदान दहा दिवस पाणी मारा.

काही जुन्या खांबांना बूड-पट्टी नसते, खालचा दोन-तीन फुटांचा भाग सरळ जमिनीत गाडायचा असतो. असा खांब असेल तर गाडायच्या भागाला बाहेरून डांबरी लेप द्या, तळाशी खडीचा थर ठेवा म्हणजे आतलं पाणी झिरपून जाईल, आणि काँक्रीट खांबाभोवती उतरतं ठेवा. खांब आणि काँक्रीट जिथे भेटतात, तिथेच पहिला गंज धरतो.

जुना रंग काढताना

या टप्प्यावर घाई अंगाशी येते. जुन्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७मध्ये, आणि तुमच्या खांबावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे असतील. म्हणून कोरडं घासणं नाही, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून धूळ उडवणं नाही, आणि गॅसच्या ज्योतीने रंग जाळणं तर मुळीच नाही. जाळल्यावर शिशाची वाफ होते आणि ती थेट फुप्फुसात जाते. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या आवारात नको.

खाली जाड प्लास्टिक अंथरा. पेंट रिमूव्हर लावा, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून अर्धा-पाऊण तास राहू द्या, मग पत्र्याच्या पट्टीने खरवडा. पाणी शिंपडत राहिलात तर धूळ उडत नाही. जाड रबरी हातमोजे, चष्मा आणि निदान एन-९५ मास्क हवाच. खरवडलेला कचरा बंद डब्यात भरा आणि महापालिकेच्या धोकादायक कचऱ्यात द्या. झाडांच्या आळ्यात तो कधीही टाकू नका.

सगळा रंग काढण्याआधी एका आडोशाच्या जागी नाण्याएवढी खिडकी करा. ओला पॉलिश पेपर गोल गोल फिरवत थरामागून थर उघडा. वर चंदेरी ॲल्युमिनियम पेंट, त्याखाली काळा, त्याखाली गडद हिरवा, आणि अगदी तळाशी लालसर प्राइमर, अशी वर्तुळं एकात एक दिसतात. खांब पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा कोणत्या रंगाचा होता, याचा तो भक्कम पुरावा. मी तरी तोच रंग परत द्यावा या मताचा आहे. ‘व्हिंटेज म्हणजे काळा’ हा समज अलीकडचा आहे.

खांबावरच्या उभ्या पन्हळी आणि पानाफुलांची नक्षी यांत रंगाचे कित्येक थर बसलेले असतात. तिथे बांबूची टोकदार काडी आणि जुना टूथब्रश वापरा, लोखंडी सळई नको. रंग निघाला की बुडापाशी ओतकाम कारखान्याचं नाव उमटलेलं सापडू शकतं. ते घासून सपाट करू नका. खांबाची जन्मकुंडली तीच.

काम फार असेल तर ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून रंग-गंज उडवणं, करून घेता येतं. मात्र वाळूचं नको, गार्नेट (एक कठीण खनिज) किंवा बारीक स्टील ग्रिटचं (पोलादी कणांचं) आणि कमी दाबाने करा असं स्पष्ट सांगा. वाळूच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. तांब्या-पितळेचा कंदील ब्लास्टिंगला द्यायचा नाही, पत्रा पातळ असतो.

तडे, अडकलेले बोल्ट, गहाळ तुकडे

बीड कडक पण ठिसूळ. पोलाद वाकतं, बीड तुटतं. अडकलेल्या बोल्टाला घणाचे घाव घातलेत तर बोल्ट जागेवर राहील आणि बूड फुटेल. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल सोडा, मग पान्याने पाव आटा पुढे, पाव आटा मागे. तरीही हलला नाही तर मधोमध ड्रिल मारून बोल्टच पोखरून काढा. बोल्ट बाजारात मिळतो, बूड मिळत नाही.

तडा सापडला तर त्याच्या दोन्ही टोकांना तीन-चार एमएमची भोकं पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. वरच्या नक्षीत केसासारखा तडा असेल तर इपॉक्सी मेटल पुटीने भागतं. भार घेणाऱ्या भागातला तडा कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका. साध्या रॉडने बिडाचं वेल्डिंग केलं की थंड होताना शेजारीच नवा तडा जातो. त्याला निकेलचा रॉड लागतो, भाग आधी तापवावा लागतो आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश थंड करावा लागतो. हे जाणणारा माणूस शोधा. कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोली पट्ट्यात, बेळगावात ओतकाम पिढ्यानपिढ्या चालतं, तिथे असे कारागीर आहेत.

गहाळ पान, फूल किंवा बुडाचं झाकण नवं ओतून घेता येतं. शाबूत असलेला जोडीचा तुकडाच पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, म्हणून फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) द्या. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, त्यामुळे नवा तुकडा किंचित लहान येतो. नक्षीला चालतं. झाकणाला चालत नाही, त्यासाठी पॅटर्न थोडा मोठा करून द्यावा लागतो.

खांबाचं बूड फारच खाल्लं गेलं असेल तर एक खात्रीचा उपाय आहे. पायातून वर येणारा गॅल्व्हनाइज्ड पाइप खांबाच्या पोटात घ्यायचा. सगळा भार पाइप पेलतो, बीड नुसतं अंगावर बसतं. जुन्या रीतीला चिकटून राहणाऱ्यांना हे रुचत नाही, पण कुणाच्या अंगावर खांब कोसळण्यापेक्षा हे बरं.

रंग

उघडं बीड दमट हवेत काही तासांत तांबूस होतं. म्हणून साफ केलेल्या भागावर त्याच दिवशी प्राइमर चढला पाहिजे. थिनरने पुसा, हात लावू नका, आणि झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्राइमरचे दोन हात द्या. रेड ऑक्साइड स्वस्त आणि घरोघरी मिळतो, देशावर कोरड्या हवेत निभावतोही, पण समुद्राच्या जवळ खाऱ्या वाऱ्यात तो टिकत नाही. वरून पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात. जाड हात दिलात तर पुसट झालेली नक्षी पुन्हा बुजेल.

पावसाळ्यात रंगकाम नको. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. हिवाळ्यात सकाळी लोखंडावर दव असतं, ऊन चढल्यावर सुरुवात करा. तुकडे जोडण्याआधी सांध्यांच्या आतल्या बाजूंनाही प्राइमर लावा, कारण जोडल्यावर तिथे ब्रश पोचत नाही आणि पाणी मात्र नेमकं पोचतं. सांधे बाहेरून पॉलियुरेथेन सीलंटने भरा. सगळ्यांत खालचं भोक तेवढं उघडं ठेवा.

कंदील

चौकोनी कंदिलाच्या काचा वर रुंद, खाली अरुंद असतात. चारही बाजू सारख्या दिसतात, पण हाताने बनवलेल्या चौकटीत त्या दोन-तीन एमएमने वेगळ्या निघतात. प्रत्येक बाजूचा पुठ्ठ्याचा साचा कापा, त्यावर १, २, ३, ४ लिहा आणि चौकटीवरही तेच आकडे घाला. चार एमएमची टफन्ड काच घ्यायची तर ती एकदा टफन झाली की कापता येत नाही, त्यामुळे मापं पक्की करूनच द्या. सगळीकडून दोन एमएमची सूट ठेवा. जुनी काच शाबूत असेल तर मात्र ती बदलू नका. तिच्यातल्या बारीक लाटांमुळे प्रकाश जिवंत वाटतो.

माथ्यावरची धुराडी गॅसच्या धुरासाठी होती. ती सिलिकॉनने बंद करू नका. आतली गरम हवा तिथूनच बाहेर जाते आणि काचेवर घाम धरत नाही. किडे येऊ नयेत म्हणून पितळेची बारीक जाळी आतून बसवा.

वीज

इथे हौस बाजूला ठेवा. लोखंडी खांब, ओली जमीन आणि २३० व्होल्ट एकत्र आले की चूक जिवावर बेतते. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण काय करायचं ते तुम्हाला माहीत असू द्या.

घराच्या बोर्डापासून या दिव्याला वेगळी लाइन हवी. तिच्यावर ६ अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाह झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच). जमिनीतून तीन कोअरची आर्मर्ड केबल, दोन-अडीच फूट खोल, खाली-वर वाळू आणि वर विटांची रांग, म्हणजे पुढे कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. केबलचा मार्ग भिंतीपासूनच्या अंतरासह कागदावर काढून ठेवा.

खांबाच्या बुडात गॅसच्या जुन्या नळीचा तुकडा असेल तर तो काढा. जोड वॉटरप्रूफ डब्यात आणि जमिनीपासून फूटभर तरी वर हवेत. कंदिलापर्यंत तीन कोअरची गोल वायर न्या आणि जिथे ती लोखंडाच्या कडेवरून जाते तिथे रबरी ग्रोमेट (वायर कापू न देणारी कडी) बसवा. वायरला कंदिलाखाली एक झोळ द्या, पाणी वायरवरून आत न जाता तिथून ठिबकतं.

अर्थिंग खांबाच्या अंगालाच हवं. बुडाच्या आत एका जागी रंग पूर्ण खरवडून स्टेनलेसचा बोल्ट बसवा आणि अर्थची वायर तिथे आवळा. रंगावरच वायर जोडली तर अर्थ असून नसल्यासारखं. कंदील वेगळ्या धातूचा असतो आणि सांध्यात सीलंट असतं, म्हणून कंदिलालाही अर्थची वायर स्वतंत्र द्या. जोडणी झाली की ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, इन्सुलेशन तपासून घ्या, एक मेगओहमच्या खाली असेल तर लाइन चालू करू नका. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तिने लाइन लगेच तोडली पाहिजे. मुलं खेळतात त्या अंगणात १२ किंवा २४ व्होल्टची एलईडी आणि घरात ठेवलेला ट्रान्सफॉर्मर हा जास्त निर्धास्त मार्ग.

बल्ब ७ ते ९ वॅटचा एलईडी, रंग २७०० केल्विन, म्हणजे उबदार पिवळा. पांढऱ्या बल्बाने इतक्या मेहनतीने केलेला खांब पार्किंगमधला वाटतो, शिवाय त्यावर किडेही जास्त येतात.

उभा करताना

बिडाचा दहा फुटी खांब सहज शंभर किलोंच्या पुढे जातो. गावातली सहा-सात माणसं तो उचलतात हे खरं, पण निसटला तर पाय जातो आणि खांबही. तिपाई आणि एक टनाची चेन पुली भाड्याने मिळते, तीच आणा. कंदील अजून चढवायचा नाही. कापडी पट्टा खांबाच्या मध्याच्या थोडा वर बांधा, साखळी नको, ती नक्षी खाते.

प्रत्येक बोल्टावर आधी एक नट आणि वायसर खाली ठेवा, त्यावर बूड टेकवा, वरून मोठा वायसर आणि दुसरा नट. खालचे नट वर-खाली करत ओळंबा दोन बाजूंनी लावा. चारही खालचे नट बुडाला टेकलेत याची बोटाने खात्री करा. एक जरी अधांतरी असेल आणि तुम्ही वरचा आवळलात तर बूड तिथेच तडकतं. नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. लांब दांड्याच्या पान्याने जोर काढायचं हे काम नव्हे.

ओळंब्यात आला की बुडाखालची फट नॉन-श्रिंक ग्राउटने (वाळताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरा, पण सगळ्यांत उताराच्या बाजूला बोटभर नळीचा तुकडा ठेवा. खांबाच्या पोटात घामाचं, पावसाचं जे काही पाणी उतरेल ते याच वाटेने बाहेर येईल. ग्राउट पक्का झाल्यावर कंदील चढवा आणि लाइन जोडा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या नळीपाशी वाकून पाहा. पाणी ठिबकत असेल तर सगळं ठीक आहे. कोरडी असून बुडाला ओल दिसत असेल तर नळी मातीने किंवा मुंग्यांनी बुजली आहे, तारेने मोकळी करा. दरवर्षी मे महिन्यात हेच, शिवाय कंदिलाची जाळी ब्रशने झाडणं, नट हाताने हलवून पाहणं, आरसीसीबीचं बटण दाबणं आणि टवका उडालेल्या जागी त्याच दिवशी प्राइमर लावणं.